लुगड्याची घडी

आमच्या दुकानात आता लुगडं मागायला फारसं कोणी येत नाही. आलंच, तर विकणाऱ्यानं आधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहावं आणि मग तोंड उघडावं, कारण हल्ली लुगडं लागतं ते बहुधा घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर. बाकी सगळ्यांना साडी हवी असते. जळगावच्या कापड बाजारात एकाच गादीवर मी काळ्याचे पांढरे केले, आणि जी वस्तू विकून पोट भरलं तिचं नावच बाजारातून उठून जाताना पाहिलं. त्याबद्दल लिहा, असं या अंकाच्या मंडळींनी सुचवलं. मी म्हटलं, मला घडी घालता येते, लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग घडीबद्दलच लिहा.

ज्यांनी लुगडं फक्त फोटोत पाहिलं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लुगडं म्हणजे नऊ वारांचं, सुती, काठाचं, अंगाला जरा जाड लागणारं वस्त्र. कासोटा घालून नेसायचं आणि त्याच नेसणीत शेतात निंदणी करायची, विहिरीत उतरायचं, लग्नात मिरवायचं. पुढे गिरणीचं तलम कापड आलं, त्याला बायका पातळ म्हणू लागल्या. मग सहावारी आली, ती साडी झाली. एक काळ असा होता की आमच्या गादीवर एकाच घरातल्या तीन बाया शेजारी शेजारी बसायच्या. आजी लुगडं मागायची, सून पातळ आणि नात साडी. आम्ही विकणारे तिघींना एकाच तोंडानं सांगायचो की रंग जाणार नाही.

लुगड्याचं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. ती बाई काठ दोन बोटांत चोळून पाहणार, नाकाशी नेणार, बोट जिभेला लावून ते काठावर घासणार आणि रंग बोटाला लागला का ते उन्हात जाऊन बघणार. आखूडशिंगी बहुदुधी मागणारी ही माणसं, पण फसवायची नाहीत आणि फसायचीही नाहीत. एकदा मनात भरलं की दुसरी घडी मोडू द्यायच्या नाहीत. "बास, बठ्ठा ढीग कशाले पाडस?" म्हणायच्या, म्हणजे सगळा ढीग कशाला पाडतोस. घडी मोडणं म्हणजे कापड उलगडून दाखवणं. विकणाऱ्याची खरी कसोटी मोडलेली घडी पुन्हा तशीच्या तशी बसवण्यात असते. कोऱ्या लुगड्याला खळ असते, कांजीसारखी, त्यानं ते कडक राहतं. घडी चुकली की सुरकुती पडते आणि मग ते नवं असूनही वापरलेलं दिसतं.

या शब्दाच्या गमती मला गादीवरच कळल्या. आमचे मोठे शेठ मूळचे राजस्थानचे. त्यांच्या नात्यातली एक बाई लग्नाच्या खरेदीला तिकडून आली आणि तिनं 'लूगडी' मागितली. मी हौसेनं नऊवारीचा ढीग टाकला. ती हसायलाच लागली. तिकडे लूगडी म्हणजे डोक्यावरून घ्यायची ओढणी. दुसऱ्या एका वर्षी सुरतेकडचा एक व्यापारी आला आणि पोरांसाठी लुगडी दाखवा म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गुजरातीत लुगडां म्हणजे कुणाचेही कपडे, पोरांची चड्डी-सदरासुद्धा. खानदेश असा दोन मुलखांच्या वाटेवर बसलेला, त्यामुळे शब्दही वाटसरूंबरोबर येऊन उतरतात. मी शेठना म्हटलं, एकाच वस्तूची किती नावं ही. शेठ म्हणाले, "नाना, नाव लोकांना ठेवू द्या. आपण कापड ठेवायचं."

धुळ्याचे मराठीचे एक प्राध्यापक दर दिवाळीला आमच्याकडे यायचे. त्यांना मी विचारलं, हा शब्द आला कुठून? पुढच्या खेपेला ते उत्तर घेऊन आले. म्हणाले, जुन्या मराठीत लुगडं हे फक्त बायकांचं नव्हतं, पुरुषाच्या अंगावरच्या वस्त्रालाही म्हणायचे. मूळ काय, ते मात्र कोणी छातीठोक सांगत नाही. काहींना वाटतं, प्राकृतात मोडक्या-झिजलेल्यासाठी एक शब्द होता, त्याच्याशी नातं असावं. हिंदीतही लुगरा म्हणजे जुनं, फाटकं वस्त्र. मला ते काही रुचलं नाही. आम्ही कोरा करकरीत माल विकायचा आणि त्याचं नाव फाटकं? घरी सांगितलं तर बायको, सुमन, म्हणाली, "बरोबरच आहे. बाईच्या अंगावर कोरं किती दिवस राहतं?" शेठना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगू नका हे." मी कुणाला सांगितलं नाही, पण ते डोक्यात राहिलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सासर कितीही मोठं असो, मुलगा कितीही कमावता असो, भाऊ किंवा भाचा लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. त्यासाठी माणूस दुकानात यायचा तो गादीवर बसायचा नाही. पायरीवर उभा राहून एवढंच म्हणायचा, "माहेरचं द्या." कोणासाठी, ते आम्ही विचारायचं नाही. घडी मोडायची नाही, भाव करायचा नाही, पिशवीत घालायचं नाही. किमतीची चिठ्ठी आणि गिरणीचा कागद काढून टाकायचा, म्हणजे ते विकत आणल्यासारखं न दिसता घरातून आल्यासारखं दिसावं. चिठ्ठी काढायचं काम माझ्याकडे होतं. मग शेठ स्वतः उठून दोन्ही हातांनी लुगडं द्यायचे. जाणाऱ्याला 'या' म्हणायचं नाही, हा शेवटचा नियम.

बोदवडकडचा एक माणूस आठवतो. पायरीवर उभा राहिला, माहेरचं द्या म्हणाला, आणि मग हळूच म्हणाला, "त्यातल्या त्यात मऊ द्या." असं कोणी मागत नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी वरच्या फळीवरचं मऊ सुताचं काढलं. ते हातात घेऊन तो पायरीवरच बसला. बहिणीशी शेताच्या बांधावरून वाद होता, कित्येक वर्षं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणाला, "एखाद्या आखाजीला दिलं असतं तर नेसली असती." त्या दिवसापासून मला ते काम नुसतं काम वाटेनासं झालं. चिठ्ठी काढताना माझा हात थांबायचा.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात लेकी दिवाळीपेक्षा आखाजीला माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या-पुरणपोळी खातात आणि निघताना चोळी-लुगडं घेऊन येतात. त्यामुळे आखाजीच्या आधी आमच्याकडे उभं राहायला जागा नसायची. अशाच एका गर्दीत बनाक्का मला पहिल्यांदा भेटली. जळगावजवळच्या असोद्याची. मुलगा प्रकाश तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता. त्यांची केळी-कापसाची शेती, खाऊनपिऊन सुखी घर. ती गादीच्या कोपऱ्यात बसून काठ चोळत होती आणि मी तिच्यापुढे शहरी मराठीत माल वर्णत होतो. गादीवर आम्ही तशीच भाषा बोलायचो. घरची अहिराणी घरी ठेवायची, असं शेठनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

तेवढ्यात हमालानं एक गाठोडं माझ्या पाठीवरच आणून टाकलं. तो आमच्या भागातला. मी वैतागून त्याला म्हणालो, "अरे, आठे नको, तठे ठेव." बनाक्कानं हातातला काठ सोडला.

"भाऊ, तू कोनता गावना शे?"

मी गावाचं नाव सांगितलं. दोंडाईचाजवळचं, चार गल्ल्यांचं गाव, इकडे कोणाला ऐकूनही माहीत नसतं.

"मनं माहेर शे ते," ती म्हणाली. मग वडिलांचं नाव विचारलं, ते ऐकल्यावर म्हणाली, "तुना बाप मना लगनमा वाढाले व्हता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी गांगरलो. एवढी वर्षं असोद्यात काढली, तिथली बोली वेगळी, पूर्वेकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याला सगळे हसायचे, म्हणून तिनं ते सोडून दिलं. आता भाऊ नव्हता, भावजय नव्हती, भावाचं घर पडून गेलं होतं. माहेरची बोली बोलायला माणूसच उरलं नव्हतं. त्या दिवशी तिनं लुगडं घेतलं, पण उठायचं नाव घेईना. गर्दी माझ्या नावानं ओरडत होती आणि ही मला विचारत होती की मारुतीच्या पाराजवळचं निंबाचं झाड आहे का अजून.

त्यानंतर ती मला भाऊच म्हणू लागली. आमच्याकडे एका गावची माणसं भाऊ-बहीणच मानतात, त्यात नवल काही नाही. केळीची फणी घेऊन यायची, लुगडं घ्यायचं नसलं तरी. मी गादीवर बसून तिच्याशी अहिराणीत बोलायचो आणि मोठे शेठ ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका आखाजीला ती प्रकाशबरोबर आली आणि केळीची फणी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "मना माहेरमा आते कोनीच नही. मी मरसू तवय माहेरनं लुगडं कोन आनी?"

प्रकाश अवघडला. म्हणाला, "नाना, आईचं मनावर घेऊ नका. वेळ येईल तेव्हा आम्ही आणू ना, चांगल्यातलं चांगलं."

"तू आनशी ते सासरनं," बनाक्का त्याच्याकडे न बघताच म्हणाली. आणि मला विचारलं, "तू आनशी का?"

खरं सांगतो, पहिल्यांदा मला भीती वाटली. ज्या वस्तूची चिठ्ठी मी रोज दुसऱ्यांसाठी काढायचो, ती आता माझ्याकडे मागितली जात होती. सख्खा नाही, चुलत नाही, मी गादीवरचा नोकर. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. "आनसू, अक्का," मी म्हणालो.

मग तिनं ते स्वतः निवडलं. तिचा नवरा कधीच वारला होता, आणि विधवेला पांढरं किंवा फिक्कं देतात, म्हणून मी तसं काढू लागलो. तिनं हात धरला. "पांढरं नको. मी तठेन लाल नेसीसन निंघनी व्हती." माहेरहून निघाली तेव्हासारखंच लाल, हिरव्या काठाचं, चांगल्या सुताचं लुगडं तिनं पसंत केलं. कमरेची चंची सोडू लागली तेव्हा मी म्हटलं, "भाऊ बहिनकून पैसा लेस का?" तिनं चंची परत बांधली. लुगडं घरी न्यायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. तिच्या घरात गेलं की ते सासरचं झालं. ते माझ्याकडेच राहायला हवं होतं, कारण आता तिचं माहेर म्हणजे मी होतो.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सुती कापड घडी करून वर्षानुवर्षं ठेवलं तर ते घडीवर चिरतं. खळ असलेलं तर हमखास. घरात वापरायचं लुगडं आपण धुऊन खळ काढून ठेवू शकतो, पण हे कोरंच राहायला हवं होतं. पाणी लागलं की कोरं राहत नाही, आणि सुई लागली तर नाहीच नाही, शिवलेलं वस्त्र अशा कामाला चालत नाही. म्हणून एकच उपाय. दरवर्षी घडी बदलायची, म्हणजे एकाच रेघेवर ताण येत नाही. आखाजीच्या दिवशी सुमन आणि मी गच्चीवर जायचो. ती एक टोक धरायची, मी दुसरं. कसर लागली का बघायचो, नव्या रेघेवर घडी घालायचो, डांबराच्या गोळ्या बदलायचो आणि लुगडं परत ट्रंकेत. सुमन पहिल्या वर्षी म्हणाली होती, "अहो, जिवंत बाईचं असलं घरात ठेवतात का?" पुढे तीच आखाजी जवळ आली की आठवण करून द्यायला लागली. तिचा भाऊ होता, पण कधी येत नसे. घडी घालताना ती लाल रंगावरून हात फिरवायची, आणि मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं करायचो.

मोठे शेठ गेले. दुकानाचं शोरूम झालं, गादी निघाली, काचा आल्या, एसी आला. शेठचा नातू अंकित गल्ल्यावर बसू लागला. पोरगा चांगला, मला काका म्हणतो. लुगड्याची फळी मात्र पहिल्याच महिन्यात रिकामी झाली, कारण त्या जागेत घागरे बसले. मी निवृत्त झालो. बनाक्का थकली, जळगावला येईनाशी झाली. मग मीच अधूनमधून असोद्याला जायचो, दारातूनच 'अक्का, मी उनू', म्हणजे मी आलो, अशी हाक द्यायचो. तिची जाऊ मथुराक्का चहा करायची आणि आम्ही दोघं काय बोलतो ते कान देऊन ऐकायची. निघताना बनाक्का दर वेळी एकच विचारायची, "मनं लुगडं शे ना?" मी म्हणायचो, "शे."

मग माझं हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं त्या वर्षी आखाजी दवाखान्यात गेली. पुढच्या आखाजीला मुलगा आम्हाला पुण्याला घेऊन गेला, उन्हाळा इथं काढू नका म्हणाला. तिथं पाचव्या मजल्यावर मला लुगडं आठवायचं, पण ट्रंक जळगावात. परत आल्यावर थंडीत बघू, असं म्हणता म्हणता राहिलं.

यंदा, आखाजीच्या थोडंसं आधी, सकाळी प्रकाशचा फोन आला. "मामा, आई गेली पहाटे," तो म्हणाला. तोपर्यंत तो मला नाना म्हणायचा. "सगळे जमलेत. तुमची वाट बघतोय."

मी ट्रंक उघडली. सुमननं एक टोक धरलं, मी दुसरं. तिसरी की चौथी घडी उलगडली आणि सुताचा तो बारीक आवाज आला, जो कापडवाल्याला झोपेतही ओळखू येतो. मधल्या रेघेवर वीतभर चिरलं होतं. हिरव्या काठापासून आत लालापर्यंत गेलेलं. ओढलं असतं तर आणखी गेलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्या सांभाळल्या आणि जी एक सांभाळायला घेतली होती ती हातात चिरली. मी खाली बसलो. सुमन म्हणाली, "बसू नका. ऊन वाढतंय. त्या माउलीला किती वेळ ठेवतील?"

ती खरं बोलत होती. या दिवसांतलं जळगावचं ऊन कोणासाठी थांबत नाही. मी चिरलेलं लुगडं तसंच घडी करून घेतलं आणि दुकान गाठलं. शटर अर्धंच वर गेलं होतं. अंकितला सांगितलं तसा तो स्वतः दोन्ही मजले फिरला. "काका, नऊवारी आहे, पण शिवलेली आहे. नाचाच्या कार्यक्रमाला घालतात ती." शिवलेली मला नको होती. मग त्यानं नवरीसाठी ठेवलेली लाल रेशमी नऊवारी काढली, रुंद जरीकाठाची, दुकानातली सगळ्यात भारी. "ही न्या. आजोबा असते तर त्यांनी हीच दिली असती." डब्यात घालून, दुकानाच्या नावाच्या चकचकीत पिशवीत घालून त्यानं ती माझ्या हातात दिली. मी पिशवी परत केली, डबा परत केला, किमतीची चिठ्ठी काढली. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही. गाडी काढली आणि मला असोद्याला घेऊन निघाला.

गाडीत माझ्या मांडीवर दोन वस्त्रं होती. एक नवं, अखंड, पण ते तिनं कधी पाहिलंही नव्हतं. दुसरं तिनं स्वतःच्या बोटांनी चोळून निवडलेलं, पण चिरलेलं. सवाष्णीला काय आणि विधवेला काय, शेवटच्या प्रवासाला फाटकं कोणी देत नाही. लोक काय म्हणतील ते मला दिसत होतं. माहेरचा म्हणून आला आणि फाटकं घेऊन आला. आणि रेशमी दिलं तर तिला दिलेल्या शब्दाचं काय? रस्ताभर केळीच्या बागा होत्या, मी त्यातलं काही पाहिलं नाही.

अंगणात माणसं दाटली होती. बायकांनी तिला आंघोळ घातली होती. एक बाई दारातून म्हणाली, "माहेरचं कोण आलं?" मी पुढे झालो. कोणीतरी पाठीमागून विचारलं, हा कोण, सख्खा का? प्रकाशनं सांगितलं, "मामा आहेत."

मथुराक्का तिच्या उशाशी बसली होती. मी तिच्यापुढे दोन्ही वस्त्रं ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. हे तिनं निवडलेलं, पण घडीवर चिरलंय. हे नवं आहे, भारी आहे. आता तुम्ही सांगाल ते.

मथुराक्कानं रेशमाकडे पाहिलं. त्यावर हात फिरवला, चांगलं आहे म्हणाली आणि बाजूला ठेवलं. मग लाल लुगडं उलगडलं. चिरलेली जागा बोटांनी चाचपली. कोणी तरी बाई कुजबुजली, फाटकं कसं घालायचं. मथुराक्का तिच्याकडे वळली.

"मायच्या पोटातून आलो तव्हा नवं लुगडं कोन गुंडायते? नवं टोचते. मायचं फाटकंच असते पहिल्यांदा अंगाले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, ती माहेरात जलमली ते फाटक्यातच. आता तिले याच्यातच जाऊ द्या."

मला धुळ्याचे प्राध्यापक आठवले. झिजलेलं, मोडकं, जुनं. इतकी वर्षं मला त्या मुळाचा राग होता. ज्या वस्त्रात आई पोराला पहिल्यांदा घेते त्याला दुसरं कोणतं नाव असणार, हे त्या अंगणात उभं राहून मला कळलं. आणि मला रडू आवरलं नाही. चारचौघांत मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो, मोठे शेठ गेले तेव्हाही नाही.

बायकांनी तिला ते नेसवलं. चिरलेली जागा मथुराक्कानं निऱ्यांत घेतली, बाहेरून काही दिसत नव्हतं. लाल रंग अजून चांगला होता. मग वरचा पदर मी टाकायचा होता, तो मान माहेरच्या माणसाचा. मी पदर हातात घेतला आणि वाकलो. मागे सगळं गाव उभं होतं, अंकित उभा होता, आणि शहरातल्या माणसासारखं नीट काहीतरी बोलावं असं मला क्षणभर वाटलं.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "अक्का, मी उनू. तुनं लुगडं शे."